एफओव्ही म्हणजे विमा नव्हे: सामान हलवण्याआधी कोटेशनमधली ही ओळ नीट वाचा

घर हलवायचं ठरलं की चार पॅकर्स-मूव्हर्सना फोन होतात. माणूस येऊन पलंग-कपाटं बघून जातो आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर कोटेशन येतं. पॅकिंग, गाडीभाडं, चढवणं-उतरवणं, जीएसटी, आणि मध्येच एक ओळ: ‘इन्शु./एफओव्ही ३%’. त्या तिरक्या रेघेच्या अलीकडे एक गोष्ट आहे आणि पलीकडे साफ दुसरी. पैसे भरताना बहुतेकांना दोन्ही एकच वाटतात. मलाही वाटल्या होत्या.

पुण्याहून नागपूरला बिऱ्हाड हलवलं तेव्हा आईच्या सागवानी कपाटाचा आरसा तडकून आला, खालच्या कोपऱ्यापासून थेट मधोमध. मी निर्धास्त होते, कारण ‘इन्शुरन्स’चे पैसे भरले होते. पॉलिसी नंबर मागितला तेव्हा कळलं, पॉलिसी कधी निघालीच नव्हती. पावतीवर बारीक अक्षरात एफओव्ही होतं.

एफओव्ही म्हणजे ‘फ्रेट ऑन व्हॅल्यू’. तुम्ही सांगितलेल्या सामानाच्या किमतीवर वाहतूकदार टक्केवारीने जादा पैसे घेतो आणि त्या बदल्यात वाटेतल्या नुकसानीची जोखीम स्वतः पत्करतो. व्यवहार तुमचा आणि त्याचा. तिसरं कोणी नाही. भरपाई त्याच्याच खिशातून यायची असते, आणि त्याने फोन उचलणं बंद केलं तर ग्राहक आयोग किंवा न्यायालय गाठावं लागतं.

यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ आणि त्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी जादा पैसे न भरताही असतेच: भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत, मात्र तुम्ही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भारही तुमच्यावर नसतो. आता हिशेब करा. भाडं २५,००० असेल तर ही मर्यादा अडीच लाखांची. सामान दोन लाखांचं असेल, तर एफओव्हीच्या ६,००० रुपयांत तुम्हाला नवं काय मिळालं? माझ्या मते काहीच नाही. सामान त्या मर्यादेपेक्षा महाग असेल तरच या पैशांना अर्थ आहे. आणि ते भरल्यावरही बिल्टीवर (वाहतूकदाराच्या माल-पावतीवर) ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का मारून देत असतील, तर तिथेच अडवा.

ट्रान्झिट इन्शुरन्स ही खरी विमा पॉलिसी. ती इर्डाकडे, म्हणजे विमा नियामकाकडे, नोंदणी असलेल्या विमा कंपनीचीच असते. मूव्हर फार तर ती काढून देतो. तिच्यावर कंपनीचं नाव, पॉलिसी किंवा सर्टिफिकेट नंबर, तुमचं नाव, कुठून कुठे आणि विम्याची रक्कम हे सगळं हवं. हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, म्हणून हा कागद गाडी भरण्याआधी हातात पाहिजे. ‘नंतर मेल करतो’ चालवून घेऊ नका.

पुरात गाडी अडकून सामान भिजलं तर? नैसर्गिक आपत्तीत वाहतूकदार कायद्याने सुटू शकतो. सर्व जोखमींची पॉलिसी असेल तर विमा कंपनी सहसा ते नुकसान देते. पण फक्त आग, टक्कर, गाडी उलटणं एवढंच धरणारी स्वस्त पॉलिसीही असते. तिच्यात फुटलेला आरसा किंवा चेपलेला फ्रिज बसत नाही, तेव्हा प्रकार कुठला ते आधी विचारा.

विम्याच्याही अटी असतात. रोकड, दागिने, कागदपत्रं सहसा वगळलेली असतात. ती स्वतःच्या पिशवीतच न्या. पॅकिंग अपुरं होतं असं दिसलं तर दावा नाकारता येतो, म्हणून काचसामान घरी वर्तमानपत्रात गुंडाळून देऊ नका, त्यांच्याच माणसांकडून भरून घ्या. बाहेर ओरखडाही नाही पण टीव्ही चालूच होत नाही, अशा बिघाडाचे पैसे बहुधा मिळत नाहीत. हप्ता वाचवायला चार लाखांचं सामान दोन लाखांचं दाखवलंत, तर २०,००० च्या नुकसानीला १०,०००च हातात येतील.

गावातल्या गावात घर बदलताना मी या दोन्हींवर पैसे घालणार नाही, ते फ्रिज आणि काचेच्या जाड पॅकिंगवर घालेन. जिल्हा ओलांडायचा असेल तर पॉलिसीच घेईन.

आणि विमा असला तरी वाहतूकदाराला सोडू नका. बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस गेली नाही तर त्याच्यावर दावा करता येत नाही, आणि विमा कंपनीही आधी तीच प्रत मागू शकते. याची सुरुवात उतरवण्याच्या दिवशीच होते. माणसं दमलेली असतात, ‘ताई, इथे सही करा’ म्हणून कागद पुढे करतात, आणि आपणही दमलेलो असतो. मी तशीच सही केली होती. सहीच्या वर एवढं लिहायला हवं होतं: ‘सागवानी कपाट, आरसा तडकलेला, फोटो काढले.’