मज्जारज्जूला जागा करून देताना

मानेच्या एमआरआयचा रिपोर्ट घरी आला, त्यात 'सी फाइव्ह-सिक्स, डिफ्यूज डिस्क बल्ज' असं वाचलं, की 'गादी सरकली' ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत पोचते. गळ्यात पट्टा चढतो, उशी कपाटात जाते, आणि अधूनमधून येणाऱ्या चक्करचं खापरही त्याच गादीवर फुटतं. चक्कर बहुतेक वेळा आतल्या कानामुळे येत असते, पण 'स्पॉन्डिलायटिसची चक्कर' आपल्याकडे इतकी रुजली आहे की कान तपासायचं कुणाच्या मनातही येत नाही.

अशा घरांत मला एक अभ्यास वाचून दाखवावासा वाटतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ निरोगी माणसांचे एमआरआय काढले आणि २०१५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत दोन मणक्यांमधली चकती, म्हणजे आपली 'गादी', बाहेर फुगलेली होती. विशीतल्या तरुणांतही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होतं. फुगलेली चकती म्हणजे पिकलेल्या केसांसारखीच वयाची खूण आहे. एवढ्यावरून कुणी कुणाच्या मानेला सुरी लावत नाही आणि लावूही नये.

याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मज्जारज्जूवर प्रत्यक्ष दाब आलेला होता अशी माणसं फक्त ५.३ टक्के होती. मानेच्या सगळ्या दुखण्यांत ज्याची खरोखर धास्ती घ्यावी तो आजार या दाबातून सुरू होतो. त्याचं नाव सर्व्हायकल मायलोपथी. वाईट भाग असा की त्यात मान फारशी दुखत नाही. कित्येकांची तर अजिबात दुखत नाही. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, साडीच्या निऱ्या नीट बसत नाहीत, सही बदलते म्हणून बँकेतून चेक परत येतो. चालताना पाय ताठ वाटतात, अंधारात तोल जातो. आपल्याकडचे न्यूरॉलॉजिस्ट हमखास एक प्रश्न विचारतात: 'चप्पल पायातून निसटते का, आणि निसटल्याचं कळतं का?' चप्पल मागे राहिली आणि माणूस तसाच चार पावलं पुढे गेला, तर डॉक्टरांचं लक्ष लगेच मानेकडे जातं.

रुग्ण हाताची तक्रार घेऊन येतो, म्हणून तपासणी हाताचीच होते. मनगटातली नस दबली आहे असं समजून उपचार सुरू होतात. पाय जड झाले तर ते वयावर जातं. २०१३ सालच्या एका अभ्यासात, पहिल्या लक्षणापासून नेमकं निदान होईपर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेल्याचं दिसलं. हा उशीर महागात पडतो, कारण मज्जारज्जूतल्या ज्या पेशी मेल्या त्या पुन्हा उगवत नाहीत. एक साधी चाचणी जपानी डॉक्टरांनी रूढ केली: मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, असं दहा सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजायचं. निरोगी हाताला २० किंवा त्याहून अधिक वेळा जमतं. या चाचणीवरून घरच्या घरी निदान करायचं नसतं, पण आकडा बराच खाली येत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगावं.

आता आत काय बिघडतं ते पाहू. मणक्यांच्या कमानी एकाखाली एक येऊन जी नळी तयार होते, तिच्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. निरोगी प्रौढ माणसाच्या मानेत या नळीची पुढून मागची रुंदी साधारण १५ ते १८ मिलिमीटर असते, आणि मज्जारज्जूची जाडी सात-आठ मिलिमीटर. उरलेल्या जागेत त्याची आवरणं आणि मेरुद्रव असतो. काही जणांची नळी जन्मतःच अरुंद असते. १३ मिलिमीटरच्या खाली ती अरुंद मानतात, १० च्या खाली धोक्याची. वयाबरोबर पुढून चकती फुगते, तिच्या कडेने हाडाचे काटे वाढतात. मागून कमानींना जोडणारा पिवळा अस्थिबंध जाड होतो. दोन्हीकडून जागा खाल्ली जाते.

पण दाब एवढ्याने पुरा होत नाही, कारण मान सतत हलत असते. मान मागे टाकली, समजा वरच्या फळीवरचा डबा काढताना, की तो पिवळा अस्थिबंध सैल पडतो, त्याची घडी आत येते आणि नळी आणखी दोन-तीन मिलिमीटरनी अरुंद होते. मान पुढे वाकवली की नळी रुंद होते खरी, पण मज्जारज्जू ताणला जातो आणि पुढच्या काट्यांवर दाबून धरला जातो. प्रत्येक हालचालीला थोडा मार, आणि असा मार वर्षानुवर्षं. शिवाय मज्जारज्जूच्या पुढच्या मोठ्या भागाला रक्त पुरवणारी धमनी एकच, ती त्याच्या पुढच्या अंगावरून जाते, म्हणजे नेमकी काट्यांच्या समोर. त्यामुळे दाबाबरोबर रक्तपुरवठाही कमी पडतो.

दाब पुढून येतो तर पुढूनच काढावा, हा विचार सरळ आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरचे स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी, आणि होनोलुलूला राल्फ क्लोवर्ड यांनी गळ्याच्या बाजूने आत शिरून चकती काढायची पद्धत घडवली. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूला सारली की मणका समोर येतो. चकती काढून तिथे हाडाचा तुकडा बसवायचा, दोन मणके एकजीव होतात. एक-दोन पातळ्यांवर दाब असेल तर आजही हीच शस्त्रक्रिया सर्रास होते. तिची एक बाजू पुढे लक्षात आली. १९९९ साली अमेरिकेतल्या हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी ३७४ रुग्णांचा पाठपुरावा मांडला. जोडलेल्या मणक्यांच्या शेजारच्या पातळीवर दर वर्षी सुमारे २.९ टक्के रुग्णांना नव्याने त्रास सुरू होत होता. हे जोडणीमुळे की वयामुळे, हा वाद अजून मिटलेला नाही. हलणाऱ्या कृत्रिम चकत्या आल्या त्या याच चिंतेतून.

आता माझ्या आवडीच्या शस्त्रक्रियेकडे येतो. ती जपानमध्ये घडली, आणि त्याला कारण आहे. मणक्यांच्या मागच्या अंगाला, म्हणजे मज्जारज्जूच्या पुढे, एक लांब अस्थिबंध असतो. काही माणसांत त्याचंच हाड होतं. ओपीएलएल असं या विकाराचं संक्षिप्त नाव. जपानमध्ये तो दोन ते चार टक्के लोकांत सापडतो. तिथल्या संशोधकांनी १९६० पासून त्याचा पिच्छा पुरवला, पुढे त्याच्याशी निगडित जनुकीय जागाही शोधल्या. हे हाड चार-चार, पाच-पाच मणक्यांवर पसरतं आणि अनेकदा मज्जारज्जूच्या आवरणाला चिकटलेलं असतं. पुढून खरवडायला गेलं तर आवरण फाटायची भीती. म्हणून शल्यचिकित्सक मागून गेले आणि मागच्या कमानी काढून टाकू लागले. दाब सुटायचा, रुग्ण सुधारायचे. पण काही वर्षांनी त्यांतल्या काहींची मान पुढे कलायची. मागच्या कमानी आणि त्यांना धरून असलेले स्नायू हे मान मागून ताणून उभी धरणारे दोर आहेत. तेच गेल्यावर डोक्याचा भार मानेला पुढे ओढतो, आणि मज्जारज्जू पुन्हा पुढच्या हाडावर जाऊन टेकतो.

टोकियोच्या केओ विद्यापीठातले हिराबायाशी यांनी १९७७ साली जे केलं ते फार सुंदर आहे. कमानी काढायच्या नाहीत, दार उघडावं तशा उघडायच्या. कमानीच्या एका बाजूने हाड आरपार कापायचं. दुसऱ्या बाजूला वेगाने फिरणाऱ्या ड्रिलने फक्त वरचा थर घासून चर पाडायची, आतला पातळ थर शाबूत ठेवायचा. हा थर बिजागरीचं काम करतो. मग कमान उचलून बाजूला वळवायची आणि टाक्यांनी, किंवा आता छोट्या टायटॅनियमच्या पट्टीने, उघडी ठेवायची. नळी चार-पाच मिलिमीटरनी रुंद होते आणि मागचं छप्पर शिल्लक राहतं. ही लॅमिनोप्लास्टी. १९८२ मध्ये कुरोकावा यांनी कमान मधोमध चिरून दोन्ही बाजूंना उघडायची रीत काढली. दोन्ही आजही चालतात. हे सारं वेगवान ड्रिल आल्यामुळे शक्य झालं. आधी कमानीखाली चिमट्याचा जबडा सरकवून हाड कापावं लागे, आणि जिथे मुळात जागाच नाही तिथे तो जबडा मज्जारज्जूवरच दाबला जाई.

पण दाबणारं हाड तर पुढे आहे आणि उघडलं मागचं दार. मग दाब कसा सुटतो? मज्जारज्जू मागे सरकतो म्हणून. निरोगी मानेला मागच्या बाजूने खळगा असलेला बाक असतो. अशा बाकदार नळीत वरपासून खालपर्यंत हलक्या ताणाने धरलेला मज्जारज्जू संधी मिळताच बाकाच्या आतल्या, म्हणजे मागच्या कडेकडे जातो. मागची भिंत बाजूला झाली की तो पुढच्या हाडापासून काही मिलिमीटर दूर जाऊन राहतो. हाड आहे तिथेच असतं, त्याचा स्पर्श फक्त सुटतो.

यातूनच या शस्त्रक्रियेची मर्यादाही कळते. मानेचा बाक उलटा झाला असेल तर मज्जारज्जूला मागे सरकायला कारणच राहत नाही. ताणाखाली तो पुढच्या हाडावरच टेकून बसतो, मागे कितीही जागा केली तरी. चिबा विद्यापीठाच्या गटाने २००८ साली यासाठी एक रेघ सुचवली. मानेच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवर दुसऱ्या मणक्यापाशी नळीचा मध्यबिंदू घ्यायचा, सातव्यापाशी घ्यायचा आणि दोन्ही सरळ जोडायचे. वाढलेलं हाड रेघेच्या पुढेच थांबत असेल तर मागून दार उघडून फायदा होण्याची शक्यता चांगली. हाड रेघ ओलांडून मागे आलं असेल तर सुधारणा तोकडी राहते, आणि पुढून जाण्याचा किंवा मागून स्क्रूंनी मणके जोडण्याचा विचार करावा लागतो. पट्टी-पेन्सिलने आखता येणाऱ्या एका रेघेत मानेचा बाक आणि हाडाची जाडी दोन्ही मोजली जातात.

त्या सरकण्याची किंमतही कधी मोजावी लागते. शस्त्रक्रियेनंतर हातपाय सुधारत असतानाच काही रुग्णांचा एक खांदा अचानक लुळा पडतो, हात वर उचलेना होतो. यात पाचव्या क्रमांकाच्या नसेचं काम बिघडतं. २००३ सालच्या एका आढाव्यात हे प्रमाण सरासरी ४.६ टक्के आढळलं. एक स्पष्टीकरण असं की मज्जारज्जू मागे सरकताना नसांची मुळं ताणली जातात. पाचवं मूळ आखूड असतं आणि ते येतं बाकाच्या नेमक्या मध्यावर, जिथे सरकणं सर्वांत जास्त. याशिवायही काही स्पष्टीकरणं मांडली गेली आहेत. बहुतेक रुग्णांत ही ताकद काही महिन्यांत परत येते. शस्त्रक्रियेआधी हे रुग्णाला सांगितलेलं असावं, म्हणजे खांदा लुळा पडला तरी घरचे हादरून जात नाहीत.

पुढून की मागून, याचं उत्तर प्रयोगातून शोधायचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. दोन्ही मार्ग शक्य असलेल्या १६३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. २०२१ साली निकाल आला: एक वर्षानंतर रुग्णांच्या शारीरिक क्षमतेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. गिळायला त्रास होण्यासारख्या गुंतागुंती पुढून केलेल्यांत जास्त होत्या.

मुंबईचंही यात मोठं काम आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना प्लेट आणि स्क्रूंनी थेट जोडायची पद्धत विकसित केली. डॉ. लहेरी यांच्यासोबतचा त्यांचा लेख १९९४ चा. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी तिचं दांड्या वापरणारं रूप मांडलं. आज जगभर ती गोयल-हार्म्स पद्धत म्हणून शिकवली जाते. गोयल यांचं पुढचं म्हणणं अधिक धाडसी आहे: खालच्या मानेतल्या मायलोपथीचं मूळही मणक्यांची अस्थिरता हेच आहे, म्हणून हाड न काढता नुसते मणके जोडावेत. बऱ्याच शल्यचिकित्सकांना हे पटत नाही. मला स्वतःला हालचालीच्या माराचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण अरुंद नळी तशीच ठेवण्यासाठी चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगांचा आधार हवा.

असे मतभेद उघडपणे, पुराव्यांनिशी चालतात. 'बिनाऑपरेशन सरकलेली गादी आत बसवून मिळेल' असे फलक लावणाऱ्यांना कसलाच पुरावा द्यावा लागत नाही. केस कापून झाल्यावर खुर्चीतच मानेला झटका देऊन ती कडकन वाजवून घेण्याची सवयही सोडावी. त्या झटक्याने मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ज्याची नळी आधीच अरुंद आहे त्याच्या मज्जारज्जूलाही या झटक्याने इजा होऊ शकते.

आजाराची तीव्रता मोजायला जपानी ऑर्थोपेडिक संघटनेने १७ गुणांचं एक मोजमाप बनवलं. त्यात चॉपस्टिकने खाता येतं का हे विचारतात. पाश्चात्त्यांनी चॉपस्टिकच्या जागी चमचा आणला आणि गुण १८ केले. १२ ते १४ गुण म्हणजे मध्यम आजार, ११ किंवा कमी म्हणजे तीव्र. या दोन्हींत शस्त्रक्रिया करावी, असं २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. औषधाने मज्जारज्जू वाचवता येईल का, हेही तपासून झालं. रिलुझोल नावाचं औषध शस्त्रक्रियेच्या जोडीला ३०० रुग्णांच्या चाचणीत पाहिलं, आणि सहा महिन्यांनी हालचालीत जास्तीचा फायदा दिसला नाही.

राहिले १५ ते १७ गुणांचे सौम्य रुग्ण. त्यांच्यासाठी सूचना दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतात: शस्त्रक्रिया, किंवा देखरेखीखाली व्यायाम. यांतल्या कुणाचा आजार वर्षानुवर्षं आहे तिथेच थांबेल आणि कुणाचा झपाट्याने वाढेल, हे आजच्या एमआरआयवरून खात्रीने सांगता येत नाही. थांबायचं ठरवलं तरी तपासणी थांबवायची नसते. बटणं, अक्षर, चाल यांत फरक पडला, किंवा लघवीवरचा ताबा सैल झाला, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावं.