बेळगाव सीमाभागातल्या ख्रिस्ती घरांचे वाचन आणि घरगुती कवने : पार्श्वभूमी

नाताळाला, बाळाच्या बाप्तिस्म्याला, लग्नाच्या आदल्या रात्री किंवा आजीच्या पंचाहत्तरीला चार ओळी जुळवून म्हणायची सवय बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत अजून टिकून आहे. ही कवने छापली जात नाहीत. वहीच्या मागच्या पानावर किंवा आमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर ती राहतात. पण त्यांची चाल, अक्षरांचे माप, एवढेच काय, थट्टा करण्याची रीतसुद्धा उपासनेच्या गीतांतून आणि घरातल्या मोठ्याने केलेल्या वाचनातून आलेली आहे. त्यामुळे चार ओळींच्या या गमतीमागे चारशे वर्षांचे वाचन उभे आहे.

सुरुवात घाटाखाली झाली. इंग्लंडमध्ये १५४९ साली जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि उरलेले आयुष्य तिथेच राहिले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यात निघाले. सुमारे ११ हजार ओव्या, दोन भाग: पहिल्यात जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र ५९ अवस्वरांत. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. त्या काळी तिथे देवनागरी खिळे नव्हते. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, ही ओवीची चौकट गावोगावच्या माणसांच्या कानात आधीच होती. त्यामुळे गोष्ट नवी असली तरी ऐकणाऱ्याला ती परकी वाटत नव्हती. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. मग १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला आणि छापील मराठी ख्रिस्ती पुस्तकांची वाट तिथेच अडली. ख्रिस्तपुराण हस्तलिखितांवर आणि तोंडी गाण्यावर जगले. १९०७ मध्ये ते मंगळूरला पुन्हा छापले गेले, तेही रोमन लिपीत. पुण्याहून देवनागरी आवृत्ती यायला १९५६ साल उजाडले. गोव्यातून घाट चढून आलेल्या कॅथलिक कुटुंबांनी ओवीचा कान बरोबर आणला. खानापूर तालुक्यातल्या अनेक घरांत बोलणे कोंकणी आणि प्रार्थनेचे पुस्तक मराठी, अशी सरमिसळ दिसते तिचे मूळ इथे आहे.

दुसरा प्रवाह बेळगावच्या छावणीतून आला. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बल्लारीहून बेळगावला आले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. बेनन स्मिथ हायस्कूलच्या नावातले बेनन हेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम मेथडिस्ट मिशनकडे गेले. बेळगावची जागा मोठी विलक्षण होती. दक्षिणेला धारवाड आणि हुबळीकडे बासेल मिशनची कन्नड पुस्तके, उत्तरेला कोल्हापूर आणि मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियनांची मराठी. बेळगावच्या ख्रिस्ती माणसाला दोन्ही लागायची.

याच गावात १८३१ साली बाबा पदमनजी जन्मले. तिथल्याच मिशन शाळेत शिकले, पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला गेले आणि १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांचे ‘यमुनापर्यटन’ निघाले. विधवांच्या स्थितीवरचे हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानले जाते. त्यांनी शब्दकोश केले, पर्यायशब्दांचा संग्रह केला, नियतकालिके चालवली, ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. लहानमोठी मिळून त्यांची शंभरावर पुस्तके आहेत. आमच्या मते कादंबरीच्या पहिलेपणाइतकेच महत्त्व ‘अरुणोदय’ला द्यायला हवे. वाचता वाचता माणसाचे मन कसे बदलत गेले, कुठे अडले, कशाने सुटले, हे मराठीत इतक्या मोकळेपणाने त्याआधी फारसे कोणी मांडले नव्हते. श्रद्धेवरचे वैयक्तिक चिंतन लिहू पाहणाऱ्या बेळगावकराला आपल्याच गावचा हा आधार आहे, आणि तो वापरला जात नाही याचे वाईट वाटते.

बायबलचे मराठी रूप टप्प्याटप्प्याने आले. विल्यम कॅरी यांच्या बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये आपला नवा करार छापला. संपूर्ण बायबल १८४७ मध्ये हाती आले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ भाषांवरून स्वतंत्र भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची छपाईही मुक्तीतल्या बायकांनीच केली. नियतकालिकांत अहमदनगरहून १८४२ मध्ये सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ प्रॉटेस्टंट घरांत आणि १९०३ मध्ये सुरू झालेला ‘निरोप्या’ कॅथलिक घरांत वाचला जाई.

या सगळ्याचे गाणे झाले ते नारायण वामन टिळकांमुळे. त्याआधीच्या मिशनच्या गीतांत बरीचशी इंग्रजी चालींवर बसवलेली होती. मराठी शब्दाचा आघात एकीकडे, सुराचा ठोका दुसरीकडे. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाची वाट धरली होतीच. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग, ओवी, पदे हा घरचा ठेवा सरळ उपासनेत आणला. १९१२ पासून १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादनही त्यांच्याकडे होते. लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख लग्नानंतर झाली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’नी एक गोष्ट कायमची दाखवून दिली: घरातल्या माणसांची थट्टा आणि देवावरचा भरवसा एकाच वाक्यात सुखाने राहू शकतात. ‘ख्रिस्तायन’ तर अक्षरशः कुटुंबाचे काव्य आहे. सुरुवातीचे अध्याय टिळकांचे, बहुतेक सारे लक्ष्मीबाईंचे आणि शेवट मुलगा देवदत्त यांच्या हातचा.

घरगुती कवन याच मापात बसते. मोठ्या अभंगाचे चार चरण ६, ६, ६, ४ अक्षरांचे, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. इथे लघु-गुरू (अक्षर उच्चाराला हलके की जड) पाहायचे नाही, अक्षरे मोजायची. जोडाक्षर एकच धरायचे. ‘येशू ख्रिस्त’ चार अक्षरे, म्हणजे नेमका शेवटचा चरण. ‘प्रभू येशू ख्रिस्त’ सहा. आणि ज्याच्या नावाला सगळे वाचक अडखळतात तो बाबेलचा राजा ‘नबुखद्नेस्सर’ एकटाच सहा अक्षरांचा चरण भरून टाकतो. नमुन्यादाखल (‘लेवीय’ हे बायबलातले नियमांचे पुस्तक):

अण्णांचा चष्मा तो । शोधी सारे घर ।
होता डोक्यावर । प्रार्थनेत ॥

लेवीय लागले । बाळाला ये झोप ।
आजीचाही कोप । विरघळे ॥

बिघडते कुठे? बहुधा इंग्रजी शब्दापाशी. ‘क्रिसमसच्या करंज्या’ म्हटले की आठ अक्षरे होतात आणि टाळ चुकतो. ‘नाताळची करंजी’ केले तरी सात. ‘नाताळी करंजी’ म्हटले की सहा, आणि चरण बसला. दुसरी चूक यमकाच्या जागेची. पहिल्या आणि चौथ्या चरणाला यमक जुळवले तर वाचताना वाईट वाटत नाही, पण गाताना आवाज टेकायला जागाच मिळत नाही. चौथा चरण पाच अक्षरांचा झाला तर मंडळी धृपदावर उशिरा पोचतात. हा दोष कागदावर दिसत नाही, म्हणून टाळी धरून म्हणून पाहायचे.

लग्नातल्या मंगलाष्टकांची गोष्ट वेगळी. ती शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात: १९ अक्षरे, गण (लघु-गुरूंचे तीन-तीन अक्षरांचे ठरलेले गट) म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू, थांबा बाराव्या अक्षरावर. इथे नुसती मोजणी पुरत नाही. फ्रान्सिस, स्टीफन, ग्रेस अशी जोडाक्षराने सुरू होणारी नावे आली की आधीच्या लघु अक्षरावर आघात येऊन ते गुरू होते आणि वृत्त मोडते. उपाय सोपा आहे: नावाच्या आधीचे अक्षर मुळातच गुरू ठेवायचे. ज्यांना हे जड जाते त्यांनी दिंडी घ्यावी. १९ मात्रा (लघूची एक, गुरूच्या दोन), नऊवर थांबा, मग दहा. हलक्याफुलक्या वर्णनाला ती छान चालते.

जुन्या गीतपुस्तकावरून चाल घेताना एक अडचण हमखास येते. जुन्या छपाईत ‘तें’, ‘जें’, ‘घरीं’ असे अनुस्वार सापडतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. नव्या वाचकाला ते नाकातून म्हणावेसे वाटतात आणि मुले हसतात. ते म्हणायचे नसतात आणि अभंगाच्या मोजणीवर त्यांचा काही परिणामही नाही.

रोजच्या वाचनाचा हिशेब मात्र ठेवावा लागतो. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय. सोमवार ते शनिवार तीन-तीन आणि रविवारी पाच वाचले की आठवड्याचे २३, ५२ आठवड्यांत १,१९६. वर्ष पुरते आणि सात अध्यायांची सवड उरते. बहुतेकांचे वाचन चौथा आठवडा संपताना थांबते आणि त्याचे कारण आळस नव्हे. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय झाले की लेवीय नेमके तेव्हाच लागते. अर्पणांचे आणि शुद्धतेचे नियम मोठ्याने वाचताना घरातली मुले उठून जातात. त्या २७ अध्यायांच्या काळात रोज एक स्तोत्र जोडावे म्हणजे सूर हरवत नाही. स्तोत्रे १५०, दिवसाला पाच घेतली तर महिन्यात पूर्ण. फक्त ११९ वे स्तोत्र १७६ वचनांइतके लांब आहे, त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग मुळातच पाडलेले आहेत, तेच वेगळे घ्यावे. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आहेत, त्यामुळे हे गणित तिथे लागू पडत नाही. शिवाय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात लावलेली आहेत. घरी शनिवारी संध्याकाळी तीच वाचून ठेवणे सोयीचे पडते.

चिंतन लिहिताना वचन, मग ते वाचून सुचलेला प्रश्न, मग त्या दिवसाची एक साधी घटना, एवढे पुरे. उत्तर त्याच दिवशी लिहिण्याची घाई केली की उपदेश होतो. पदमनजींच्या लिखाणाची ताकद अशी की ते प्रश्नाला वेळ देतात.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याआधी, १९५३ मध्ये, बेळगावचे स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाले होते आणि तिथे मराठी, कोंकणी, कन्नड, इंग्रजी अशा चारही भाषांत उपासना चालते. पुस्तके पुण्या-मुंबईहून येत राहिली, पण शाळा बदलल्या. आज अनेक घरांतली मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, कन्नड परीक्षेला असते आणि मराठी कानावर पडते. त्यांना ‘अण्णांचा चष्मा’ तोंडपाठ असतो, वाचता येत नाही. या घडीला घरगुती कवनाचे मोल कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त आहे असे आम्हाला वाटते. हसत म्हटलेले चार चरण मूल विसरत नाही, आणि त्याच मापातले भजन त्याला मग आपोआप जमते.

अशा मुलांसाठी कवने कन्नड लिपीत उतरवून ठेवायला हरकत नाही. स्टीफन्सचे मराठी तर रोमन लिपीतूनच आपल्यापर्यंत पोचले. तीन गोष्टी सांभाळाव्यात. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. मराठीसाठी नेहमी दीर्घच वापरावेत, नाहीतर ‘येशू’चा पहिलाच स्वर आखडतो. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च दोन्ही लिपींत एकाच अक्षराने लिहिले जातात, म्हणून पहिल्या प्रकाराखाली बारीक रेघ ओढावी. ‘ऱ्या’साठी कन्नडमध्ये र पूर्ण लिहून खाली य जोडावा (ರ‍್ಯಾ). ‘र्या’चे रफाराचे रूप (ರ್ಯಾ) तिथे वापरू नये, नाहीतर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक होतात.

वहीबद्दल शेवटचे. प्रत्येक कवनावर तारीख, प्रसंग आणि चाल लिहावी. ‘चाल : अमुक भजनाची’ एवढी ओळ नसली तर दुसऱ्या पिढीला नुसते शब्द उरतात. खानापूरकडच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो, त्यावर बुरशी येते, कसर लागते. दमट वही उन्हात टाकू नये, पाने वाकडी होतात आणि शाई उडते. सावलीत, वाऱ्यावर, दर दहा-बारा पानांत कोरा कागद घालून वाळवावी. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांत तिचा पिवळा डिंक अक्षरे खातो. पातळ कागद आणि खळ वापरावी. कौटुंबिक बायबलच्या पहिल्या पानावर जन्म, बाप्तिस्मा, लग्नाच्या नोंदी असतात. ते पान आणि कवनांची वही दिवसाच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न लावता, फोनवर टिपून दोन वेगळ्या घरांत ठेवावी.