नागपूरची मध्यरात्र आणि नऊ दिवसांचं रॉकेट

इंदूरला बिजासनच्या टेकडीवर देवीचं दर्शन झालं की माझे पाय आपोआप कठड्याकडे वळतात, कारण तिथून विमानतळ दिसतो. दिल्लीचं विमान उतरतं, चाकांना ठोकळे लागतात, शिड्या जोडल्या जातात. एका बाजूने सामान उतरत असतं, दुसरीकडे इंधनाची गाडी लागलेली असते. साधारण अर्ध्या तासात तेच विमान नवी माणसं घेऊन निघतं. या अर्ध्या तासाला ‘टर्नअराउंड’ म्हणतात. सकाळी इथे वीस मिनिटं गेली तर ती दिवसभर गावोगाव फिरत राहतात आणि रात्रीच्या शेवटच्या फेरीतल्या प्रवाशांच्या माथी बसतात. बायको म्हणते, लोक इथे नवस बोलायला येतात आणि तुम्ही घड्याळ बघायला.

पण आपल्याकडच्या विमानसेवेची सुरुवातच मुळी घड्याळाने झाली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल घेऊन आले. त्यांचं ‘पस मॉथ’ विमान एका इंजिनाचं होतं. पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला. धड धावपट्ट्या नाहीत, रेडिओची साथ नाही, त्यात सह्याद्रीवरचा पावसाळा. तरीही 1933-34 च्या सरकारी अहवालात या सेवेचा वक्तशीरपणा शंभर टक्के असल्याची नोंद झाली. धाडसी वैमानिक तेव्हा जगात बरेच होते. अमुक वाजता डाक पोचेल म्हणून लोकांनी निर्धास्त राहावं, ही गोष्ट मात्र नवी होती.

मला सगळ्यात आवडतं ते 1949 सालचं नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावच्या विमानतळावर जमायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ज्याचं विमान त्याच्या गावी परत. चार शहरं एकमेकांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. इथे चारांत भागलं. अमेरिकेत फेडरल एक्सप्रेसने मेम्फिसहून याच पद्धतीने रात्रीची पार्सलं पाठवायला सुरुवात केली ती 1973 मध्ये. व्यवस्थापनाच्या वर्गात मेम्फिसचं नाव निघतं. नागपूरचं कोण काढतो?

1953 मध्ये विमानकंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि आम्हा माळव्यातल्या लोकांच्या वाट्याला इंडियन एअरलाइन्सचं दिल्ली-ग्वाल्हेर-भोपाळ-इंदूर-मुंबई असं एसटीसारखं थांबत जाणारं विमान आलं. ग्वाल्हेरला धुकं पडलं की इंदुरात चहाच्या फेऱ्या वाढायच्या. 1994 मध्ये राष्ट्रीयीकरणाचा तो कायदा रद्द झाला, खासगी कंपन्या रीतसर आल्या आणि अर्ध्या तासाचा हिशोब सुरू झाला.

अंतराळातही वेळापत्रकाची हौस जुनीच. पॅन ॲम या अमेरिकी विमानकंपनीने 1968 मध्ये चंद्रावर जाऊ इच्छिणाऱ्यांना क्रमांक घातलेली कार्डं वाटायला सुरुवात केली. तीन वर्षांत 93 हजारांवर नावं नोंदली गेली. 1991 मध्ये कंपनीच बंद पडली, यादी तशीच राहिली. नासाच्या स्पेस शटलचा, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या यानाचा, बेतही विमानासारख्या फेऱ्या मारण्याचा होता. पण उष्णतारोधक फरशांची एकेक करून तपासणी करण्यातच आठवडे जायचे. एकच शटल पुन्हा उडायला कमीत कमी 54 दिवस लागले, 1985 मध्ये. त्या वर्षी एकूण नऊ उड्डाणं झाली, आणि तोच विक्रम ठरला.

खासगी यान माणसासह पहिल्यांदा शंभर किलोमीटर उंचीपलीकडे, म्हणजे अंतराळात, गेलं ते 21 जून 2004 रोजी. त्या ‘स्पेसशिपवन’ने पुढे एक कोटी डॉलरचं बक्षीस जिंकलं. त्या बक्षिसाची अट मला फार बोलकी वाटते: तेच यान दोन आठवड्यांत पुन्हा उडायला हवं. म्हणजे परीक्षा टर्नअराउंडची होती. डिसेंबर 2015 मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-9 रॉकेटचा पहिला टप्पा, म्हणजे खालचा भाग, जमिनीवर उभा उतरला, 2017 मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला आणि 2025 मध्ये दोन उड्डाणांमधलं अंतर नऊ दिवसांवर आलं. अर्थात, हा फक्त पहिला टप्पा. वरचा टप्पा अजूनही दर वेळी नवा लागतो, म्हणजे प्रत्येक फेरीला विमानाचा एक भाग फेकून देण्यासारखंच.

आता दोन्ही वेळापत्रकं एकमेकांच्या आड यायला लागली आहेत. जानेवारी 2025 मध्ये रॉकेटचे अवशेष हिंदी महासागराच्या दक्षिण भागात पडणार म्हणून सिडनी-जोहान्सबर्ग विमानं काही तास थांबवावी लागली.

त्याच वर्षी भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकाकडे निघणार होते तेव्हा मी माझ्या वहीत, इंदूरच्या विमानांच्या वेळा लिहितो त्याच पानावर, तारीख टिपली होती: 29 मे. मग ती खोडली. 8 जून. खोडली. 10, 11, 19, 22. कधी हवामान, कधी ऑक्सिजनची गळती, कधी स्थानकाचीच तपासणी. सातव्या तारखेपुढे वेळ लिहिली आहे: 25 जून, दुपारी 12:01. त्याच्याच खालच्या ओळीत मुंबईचं विमान, उशीर 14 मिनिटं.