तेल गळतं कुठून, ठिबकतं कुठं

सकाळी मोटारसायकल काढताना फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला की बहुतेक जण डागाच्या बरोबर वरचा बोल्ट आवळतात. गळती थांबत नाहीच, वर ॲल्युमिनियमचे आटे जायची भीती. कौलारू घरात पाणी शिरतं एका कौलातून, वाशावरून ओघळतं आणि टपकतं भलत्याच खोलीत. इंजिनावरही तेच. तेल फिन्सच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या) खाचांतून, कव्हरच्या कडेनं सरकत सर्वांत खालच्या बोल्टपाशी जमतं. गाडी पळत असेल तर समोरचा वारा ते मागे रेटतो. स्प्लेंडरसारख्या गाडीत सिलिंडर जवळजवळ आडवा, म्हणजे हेड (सिलिंडरचं डोकं) सगळ्यात पुढे. हेडवरच्या टॅपेट कव्हरची, म्हणजे झाकणाची, रबरी रिंग गेली तरी माखलेलं दिसतं ते मागचं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच! म्हणून शोध घ्यायचा तो ओल्या भागाच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या टोकाचा.

पावसाळ्यात कोल्हापूरहून गगनबावड्याच्या रस्त्याला एक फेरी झाली की इंजिनावर तांबड्या चिखलाचा थर बसतो. त्या थरात तेल मुरलं की काहीच कळत नाही. थंड इंजिन डिझेल आणि ब्रशनं धुवा, मग साबणाच्या पाण्यानं, आणि पूर्ण कोरडं करा. त्यावर टाल्कम पावडर हलकीशी भुरभुरवून कात्यायनीच्या देवळापर्यंत जाऊन या. पांढऱ्या पावडरीत तेलाची पहिली ओली रेघ स्पष्ट उमटते. गळती फारच बारीक असेल तर तेलात चमकणारा रंग मिसळतात. नोटा तपासायच्या टॉर्चचा अतिनील प्रकाश शोषून तो पिवळट-हिरवा उजेड बाहेर टाकतो. पण पावडरीनं भागतं तिथं हा खर्च मला तरी फुकटचा वाटतो.

गळती कधी होते, हेही विचारा. 20डब्ल्यू-40 तेल 100 अंशाला 40 अंशाच्या तुलनेत सुमारे आठपट पातळ असतं. थंड इंजिनात न सुटणारं तेल तापल्यावर बारीक फटीतून सहज निघतं. नुसत्या उभ्या गाडीखाली डाग पडत असेल तर साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, हे लक्षात घ्या. तेल त्या बाजूला चढतं, म्हणून चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटमागचं (दातेरी चाकामागचं) आणि गियर शाफ्टचं सील, म्हणजे शाफ्टभोवतीची रबरी कडी, आधी बघा. गाडी रात्रभर मेन स्टँडवर लावली आणि डाग पडला नाही, तर संशय पक्का. (जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटला मात्र इंजिन, गियरबॉक्स आणि क्लचकडची चेन यांची कप्पेबंद व्यवस्था वेगवेगळी, गळतंय ते कुठल्या कप्प्यातलं, ते आधी ठरवायला लागतं.)

चालत्या गाडीतच गळत असेल तर सील बदलण्याआधी ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी, काढून बघा. मिस्त्री लोक घाईत हीच गोष्ट विसरतात. स्प्लेंडरच्या 97.2 सीसीच्या इंजिनात पिस्टन खाली येताना त्याच्याखालची जागा तेवढ्याच सीसीनं कमी होते. मिनिटाला 5000 फेरे म्हणजे 5000 वेळा हा दट्ट्या बसतो. शिवाय पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांच्या कडेनं जळका वायूही खाली उतरतो. हा सगळा दाब ब्रीदरमधून निघून जायला हवा. पाइप चिखलानं बुजला, किंवा बंद पडलेल्या गाडीत कुंभारीण माशीनं त्यात मातीचं घर केलं, की दाब सर्वांत कमजोर सील शोधतो. नवीन सील घातलं तरी तेल दुसरीकडून बाहेर! पाइप मोकळा असूनही त्यातून धुराचे फुत्कार येत असतील तर दुखणं रिंगांचं आहे.

जोडाच्या सपाटीचा प्रश्न असेल तर गास्केटवर (जोडातल्या पातळ पट्टीवर) सिलिकॉनचा लोंदा थापू नका. आत सुटलेला तुकडा तेलाची वाट अडवतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडे फेसिंग करून, म्हणजे जोडाची बाजू सपाट करून घ्या, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

ऑइल सीलचं नायट्राइल रबर उष्णतेनं वर्षानुवर्षं कडक होत जातं, आणि तोवर त्याच्या ओठानं (शाफ्टला टेकणाऱ्या कडेनं) शाफ्टवर बारीक चर पाडलेला असतो. शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकलं तर नवीन सील मिलिमीटरभर पुढे-मागे बसवायला सांगा, जागा असेल तर. नवा ओठ मग न झिजलेल्या धातूवर टेकतो.