गोव्यातला धोतरा: नशा नव्हे, विषबाधा

धोतऱ्याने माणसाचं काय होतं, याची गोव्यातली छापील नोंद साडेचारशे वर्षांहून जुनी आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ साली इथे आला. इथल्या औषधांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात एक प्रसंग येतो. एका घरातल्या दासीने मालकिणीला धोतरा चारला, किल्ल्या आणि दागिने काढून घेतले आणि पोबारा केला. बाई मात्र नुसती हसत होती. विचारावं एक, तर उत्तर भलतंच! चोर खाण्यात धोतरा कालवतात आणि त्याचा अंमल दिवसभर टिकतो, असं ओर्ता सांगतो.

१५८३ मध्ये आलेला डच प्रवासी लिन्स्कोटेन तर गोव्यातल्या बायका नवऱ्यांना धोतरा देऊन गुंगवतात, असं लिहून गेला. त्यात ऐकीव कुचाळक्याच जास्त असाव्यात. पण दोघांकडेही धोतरा कोणी हौसेने खात नाही, तो दुसऱ्याला फसवून घातला जातो.

१९६०च्या दशकाअखेरीस हणजूणला (अंजुना) हिप्पी आले, गांजा, चरस, एलएसडी ही नावं घरोघर पोचली. आज धोतराही सर्रास त्याच माळेत ओवला जातो, आणि हे फार घातक आहे. एलएसडी मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या मार्गाने काम करतं. धोतऱ्यातली अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन, स्कोपोलामिन ही द्रव्यं अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्याच निरोप्या रसायनाचं काम अडवतात. घशाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, उजेड सोसवत नाही. अंग तापतं पण घाम येत नाही, लघवी तुंबते, छाती धडधडते. मग समोर नसलेल्या माणसाशी गप्पा सुरू होतात, बोटं हवेतले धागे वेचू लागतात. हा भास आहे एवढंही भान उरत नाही. अशा अवस्थेत माणूस हमरस्त्यावर जाईल की समुद्रात, सांगता येत नाही.

मात्रेचा तर काहीच भरवसा नाही. झाडागणिक विषाचं प्रमाण बदलतं. बिया चपट्या, पिवळसर तपकिरी, मिरचीच्या बियांशी सहज गफलत व्हावी अशा. धोतरा महादेवाला वाहतात, वैद्य शोधन करून (विष उतरवून) औषधात वापरतात, १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही तो नाही. म्हणून पोरांना तो निरुपद्रवी वाटतो. घरच्यांनी त्यांच्याशी यावर उघड बोलायलाच हवं. कोणी खाल्लाच, तर ताक-लिंबू पाजत बसू नये. लगेच १०८ला फोन करावा आणि उरलेलं फळ किंवा बिया डॉक्टरांना दाखवायला सोबत न्याव्यात.