कंपायलर जुना, असेंब्लर नवा: बिघडलेल्या मेळाची पार्श्वभूमी

जीसीसी, म्हणजे ग्नू प्रकल्पाचा सी वगैरे भाषांचा कंपायलर, चालवली की आधी जागा होतो तो ड्रायव्हर. तो स्वतः भाषांतर करत नाही. खरा कंपायलर (प्रोग्रामचे असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञांच्या मजकुरात भाषांतर करणारा), असेंब्लर (त्या मजकुराचे यंत्रसंकेत बनवणारा) आणि लिंकर (तुकडे जोडून चालणारी फाइल बनवणारा) यांना क्रमाने बोलावतो आणि ज्याचे त्याला पर्याय पोचवतो. कंपायलरने असेंब्लीचा मजकूर लिहायचा आणि वेगळ्या प्रोग्रामने तो वाचायचा, ही रीत युनिक्सवरच्या पहिल्या सी कंपायलरपासूनची, म्हणजे १९७० च्या दशकातली. म्हणूनच असेंब्लर अडला की चूक दिसते ती एखाद्या तात्पुरत्या फाइलमध्ये, आपण कधीच न लिहिलेल्या ओळीवर.

जीसीसी आणि असेंब्लर ज्यात येतो ते बिनयुटिल्स हे दोन वेगळे प्रकल्प. दोघांच्या आवृत्त्या आपापल्या वेळी निघतात. जीसीसी बांधली जात असताना तिची कॉन्फिगर स्क्रिप्ट समोरच्या असेंब्लरची परीक्षा घेते: हे डायरेक्टिव्ह (असेंब्लरसाठीची सूचना) कळते का, हा पर्याय चालतो का? मिळालेली उत्तरे कंपायलरमध्ये पक्की होतात. पुढे असेंब्लर बदलला तरी कंपायलर तीच उत्तरे धरून बसतो. माझ्या मते मूळ दुखणे इथेच आहे. असेंब्लरमध्ये नुसती भर पडली तर सहसा काही बिघडत नाही. आजवर खपलेले तो नाकारू लागला की सगळे अडते.

२००५ च्या बिनयुटिल्स २.१६ मध्ये तेच झाले. सेगमेंट रजिस्टर (प्रोसेसरमधला १६ बिटांचा कप्पा) आणि मेमरी यांच्यातली ३२ बिटांची मूव्ह आज्ञा x८६ (इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांच्या) असेंब्लरने नाकारली. प्रोसेसर तिथे १६ बिटच हलवतो, तेव्हा असेंब्लरचे बरोबरच होते. तरी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, जुन्या शाखांना पॅच लावावे लागले. याच्या अगदी उलट, सिस्टिम व्ही/३८६ या जुन्या युनिक्सच्या असेंब्लरने फ्लोटिंग पॉइंट वजाबाकीच्या दोन आज्ञांची काही रूपे उलटी केली होती. ती चूक जीसीसी आणि ग्नू असेंब्लर (बिनयुटिल्समधला) आजही मुद्दाम पाळतात, कारण ती सुधारली तर बिल्ड (प्रोग्राम बांधण्याचे काम) न अडता उत्तरेच गुपचूप चुकतील.

सर्वांत बोधक प्रसंग रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेचा. २०१९ च्या विनिर्देशात कंट्रोल रजिस्टर वाचण्या-लिहिण्याच्या आज्ञा आणि 'फेन्स डॉट आय' ही आज्ञा 'आय' या मूळ संचातून निघून दोन स्वतंत्र विस्तारांत (मूळ संचाला वेगळ्या नावाने जोडायच्या आज्ञांच्या गटांत) गेल्या. फेब्रुवारी २०२२ च्या बिनयुटिल्स २.३८ ने तो विनिर्देश डिफॉल्ट केला. जीसीसी १२ त्याच वर्षी मागाहून आली. तोवरची जीसीसी संचाचे नाव पूर्वीसारखेच असेंब्लरला देत राहिली. अक्षरे तीच, पण त्यांचा अर्थ आता आकसलेला. कर्नलची बिल्ड 'अनोळखी आज्ञा' म्हणून थांबू लागली. दोन्ही विस्तारांची नावे सरसकट जोडणेही शक्य नव्हते, कारण जुन्या साधनांना ती नावेच ठाऊक नव्हती. शेवटी कर्नलच्या मेकफाइलमध्ये (बिल्डचे नियम लिहिलेल्या फाइलमध्ये) चाचणी घातली: हातातली साधने ती नावे स्वीकारत असतील तरच जोडायची.

क्लँग या दुसऱ्या सी कंपायलरने असेंब्लर पोटातच घेतल्यामुळे तिथे दोन आवृत्त्यांचे हे अंतर बरेचसे मिटले. इनलाइन असेंब्लीत, म्हणजे सीच्या मजकुरातच, हाताने लिहिलेल्या आज्ञांपुरता प्रश्न मात्र तिथेही उरतोच.