रात्रीची लघवी: पिशवीचं दुखणं की पाण्याचा हिशेब?

पन्नाशी उलटलेला पुरुष रात्री दोन-तीनदा उठायला लागला की घरातले, मित्र आणि तो स्वतः एकाच निदानावर येऊन थांबतात: प्रोस्टेट वाढली. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण गोळ्या सुरू होतात, दिवसाची धार सुधारते, कुणाचं ऑपरेशनही होतं, आणि रात्रीचं उठणं मात्र तसंच राहतं. ऑपरेशननंतरही मागे रेंगाळणाऱ्या तक्रारींत ही तक्रार नेहमी दिसते. असं होतं, कारण एकाच तक्रारीमागे दोन निरनिराळे बिघाड असू शकतात. एकात लघवीची पिशवी पुरत नाही. दुसऱ्यात पिशवी चांगली असते, मूत्रपिंडंच रात्री जास्त लघवी तयार करतात.

पहिला बिघाड बहुतेकांना ठाऊक आहे. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्रमार्गाला कड्यासारखी वेढून असते. वयानुसार ती वाढली की मार्ग आवळला जातो. मग पिशवीला जोर लावावा लागतो, तिचा स्नायू जाड आणि चिडखोर होतो, ती पूर्ण भरायच्या आधीच घाई करते. शिवाय नीट रिकामीही होत नाही. चारशे मिलीच्या पिशवीत दोनशे मिली शिळी लघवी उरली, तर नव्या लघवीला जागा राहिली निम्मीच. अशा माणसाला लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक असते, शेवटी थेंब थेंब येत राहतं. मुख्य म्हणजे त्याला दिवसाही सारखं जावं लागतं आणि दर खेपेला थोडीशीच होते.

दुसरा प्रकार फारसा कुणी विचारात घेत नाही, म्हणून त्याबद्दल जरा जास्त सांगतो. झोपेत मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगतं. तरुणपणी रात्रभर न उठता झोपता येतं ते बरंचसं याच्या जोरावर. उतारवयात ही रात्रीची वाढ मंदावते. त्यात दिवसभर पायांत पाणी उतरलेलं असेल, संध्याकाळी मोज्यांचा वळ उमटत असेल, तर आडवं झाल्यावर ते पाणी रक्तात परत येतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. हृदय अशक्त असणं, पायांच्या शिरा फुगणं, अॅम्लोडिपिनसारख्या बीपीच्या गोळीने येणारी सूज, यांतलं काहीही त्यामागे असू शकतं. म्हणजे तक्रार पिशवीची, पण मूळ घोट्याशी!

याहून चकवणारं कारण म्हणजे घोरणं. झोपेत श्वास अडकतो (स्लीप ॲप्निया), तेव्हा बंद घशातून हवा ओढायच्या धडपडीत छातीतला दाब घटतो आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. हृदयाला वाटतं, रक्तात पाणी फार झालं. ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. माणूस जागा होतो, पिशवी भरलेली सापडते आणि तो म्हणतो, लघवीमुळे जाग आली. खरं तर आधी श्वास अडकलेला असतो. अशांना श्वासाचं मशीन लावल्यावर पुष्कळदा रात्रीच्या फेऱ्याही कमी होतात.

मग आपला प्रकार कोणता, हे कसं कळावं? अंदाजाने नाही, मोजून. आकडे असलेलं एक भांडं घ्यावं आणि तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ आणि माप लिहावं. झोपण्याआधीची लघवी दिवसात धरायची, सकाळी उठल्यावरची पहिली मात्र रात्रीत. ही लघवी बनलेली असते रात्रीच, पण नेमकी तीच मोजायची राहते. समजा, दिवसरात्र मिळून १५०० मिली झाली. रात्रीच्या दोन आणि सकाळची एक अशा तीन खेपा २५० मिलीच्या असतील, तर रात्रीचा वाटा निम्मा झाला. पासष्टीपुढे तो एक-तृतीयांशाच्या वर गेला की मूत्रपिंडं रात्री जास्त काम करताहेत असं मानतात. तरुणांत ही मर्यादा साधारण २० टक्के. उलट त्याच तीन खेपा शंभर-सव्वाशे मिलीच्याच असतील, तर बोट पिशवीकडे जातं. चोवीस तासांची बेरीजच वजनाच्या किलोमागे ४० मिलीच्या वर गेली, म्हणजे ७० किलोच्या माणसात २८०० मिलीहून जास्त, तर शुगर तपासावी किंवा आपण किती पाणी पितो ते पाहावं. दोन्ही बिघाड एकत्र नांदणंही नेहमीचंच.

झोपेचं म्हणाल, तर किती वेळा उठलात याइतकंच पहिल्यांदा कधी उठलात हेही महत्त्वाचं. गाढ झोपेचा मोठा हिस्सा पहिल्या तीनएक तासांत मिळतो. पहिली जाग त्याच वेळात आली, तर पुढे कितीही वेळ पडून राहिलं तरी सकाळी अंग जड राहतं. पहाटे चारला एकदा उठणारा त्या मानाने सुखी. वर अंधारात धडपडून हाड मोडण्याची भीती असतेच. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर झटकन उभं राहिल्यावर बीपी उतरून चक्कर येऊ शकते. आधी कडेला बसावं, मग उठावं.

उपायही निराळे. पिशवीच्या प्रकारात प्रोस्टेटच्या गोळ्या चालतात. पाण्याच्या प्रकारात दुपारनंतर पाय उंचावर ठेवणं, मीठ कमी करणं, संध्याकाळी चहा-कॉफी आणि मद्य टाळणं, लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून अलीकडे आणणं यांनी फरक पडतो. दिवसभर पाणीच तोडणं हा मात्र अघोरी उपाय. डेस्मोप्रेसिन हे औषध रात्रीची लघवी कमी करतं, पण रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतं, विशेषतः वृद्धांत. त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय ते घेऊ नये.

लघवीतून रक्त आलं, जळजळीसोबत थंडी-ताप आला किंवा लघवी अडली, तर मोजमाप बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा.